मनाला येईल ते टाइप करा

बदल जेमतेम आठ ओळींचा होता. मृदुला खानविलकरने तो आधी पडद्यावर वाचला, मग सवयीप्रमाणे कागदावर छापून घेतला आणि पेन्सिल घेऊन बसली. आठ ओळींसाठी कागद कशाला, असे तिला विचारण्याचे धाडस आता कोणी करत नसे.

'अतल' हे संशोधन केंद्र कोकण किनाऱ्यापासून दूर, समुद्राच्या तळाशी होते. तिथे एका वेळी तीन माणसे महिना महिना राहत आणि तळातल्या गाळाचा अभ्यास करत. त्यांची हवा, उजेड, ऊब, सगळे पाच संगणक मिळून सांभाळत. या पाचांचा एक संगणकसंघ होता. एकट्यादुकट्याने कुठलाच संगणक निर्णय घेत नसे. पाचांनी आपसांत निरोप पाठवायचे, बहुमत करायचे आणि मगच एखादी झडप उघडायची किंवा मिटायची, अशी रचना होती. किनाऱ्यावर, टेकडीच्या उतारावर बांधलेल्या नियंत्रणगृहात बसून मृदुला आणि तिचे सहकारी या संगणकांच्या आज्ञावली लिहीत.

खरे तर मृदुला लिहीत असे कमी आणि तपासत असे जास्त. एकाने केलेला बदल दुसऱ्याने मान्य केल्याशिवाय खाली जायचा नाही, हा केंद्राचा नियम होता, आणि तो दुसरा माणूस बहुतेक वेळा मृदुलाच असे. ओळीओळीला शंका काढायची, आणि सगळ्यांत शेवटी ठरलेला शेरा: "घाई कशाची आहे? पुन्हा एकदा बघ." चांगल्या बदलालाही तोच आणि वाईटालाही तोच. तरुण मंडळी उपाहारगृहात तिची नक्कल करत. कोणी उकळता चहा तोंडाला लावला की दुसरा नाकावर नसलेला चष्मा सरकवून म्हणे, "घाई कशाची आहे?" मृदुलाच्या हे कानावर होते. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला एवढी थट्टा सोसतेच, असे ती स्वतःला सांगे.

समोरचा बदल शार्दूल तोरसकरचा होता. शार्दूल मालवणचा, आठ वर्षांपूर्वी कॉलेजातून थेट तिच्या हाताखाली आलेला. हुशार म्हणावा तर इतका की त्याची आज्ञावली वाचताना तिला कधी कधी हेवा वाटे. पण आधी उडी मारायची आणि पाणी किती खोल ते मग विचारायचे, ही त्याची खोड काही गेली नाही. या महिन्यात तो स्वतःच खाली 'अतल'वर होता, आणि तिथूनच त्याने हा बदल पाठवला होता. सोबत दोन ओळी होत्या: "ताई, किल्लीकारात छोटासा बदल. खाली वापरून पाहिलाय, चालतो. मान्य करून टाका ना."

'खाली वापरून पाहिलाय' या शब्दांखाली मृदुलाने पेन्सिलीने रेघ ओढली. मग त्याच रेघेवरून पुन्हा एकदा पेन्सिल फिरवली. मान्यता मिळण्याआधीच पठ्ठ्याने बदल वापरला होता. आणि ही विनंती चार दिवस तिच्या टेबलावर न उघडता पडून होती, हेही तिला टोचले.

"एवढं काय आहे त्यात?" नसीमा मुकादमने शेजारच्या खुर्चीतून विचारले. नसीमाचे काम वेगळे होते. केंद्रातले कॅमेरे आणि हवेचे मापक यांच्यावर ती पाळीभर नजर ठेवी. आज्ञावलीशी तिचा संबंध नव्हता, पण मृदुलाच्या कपाळावरच्या आठ्या तिला वाचता येत.

"संघकिल्ली ठाऊक आहे ना तुला?"

"नाव ऐकलंय. ती काय करते ते अल्लाला आणि तुम्हाला माहीत."

मृदुला हसली. "पाच संगणक एकमेकांना केबलवरून निरोप पाठवतात. उद्या त्या केबलला सहावा कोणी चिकटला आणि म्हणाला, हवा बंद करा, तर? म्हणून प्रत्येक निरोपावर मोहोर असते. ती मोहोर किल्लीशिवाय उठवता येत नाही. मोहोर नसेल तर तो निरोप आलाच नाही असं समजायचं. मग तो आपण इथून पाठवलेला का असेना."

"आपल्याकडे किल्ली नाही?"

"नाही. ती दर महिन्याला खालीच बनते, खालीच राहते. बनवणाऱ्यालाही ती दिसत नाही. जी वर येतच नाही ती वाटेत चोरीला कशी जाईल?" मृदुलाने कागद नसीमाकडे वळवला. "आता किल्ली म्हणजे आकड्यांची लांबलचक माळ. ती कोणाला ओळखता येऊ नये, तर तिच्यात स्वैरता पाहिजे. एका आकड्याचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नको. संगणकाला हे जमत नाही. तो नियमाने चालणारा प्राणी. म्हणून किल्ली बनवणारी आज्ञावली, तिलाच आम्ही किल्लीकार म्हणतो, ती स्वैरता माणसाकडून उसनी घेते. पडद्यावर येतं, 'मनाला येईल ते टाइप करा'."

"आणि जे टाइप केलं त्याची किल्ली होते."

"होत नव्हती. काय टाइप केलं ते जुना किल्लीकार टाकूनच देत होता. दोन अक्षरांच्या मध्ये किती वेळ गेला तेवढंच तो मोजायचा, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत. इतक्या बारकाईत प्रत्येकाचं बोट थरथरतं. ती थरथर ठरवून आणता येत नाही आणि पुन्हा तशीच करून दाखवताही येत नाही."

अडचण नव्या संगणकांमुळे आली होती. खालचा दाब आणि गारठा सोसतील असे दणकट संगणक आणले, पण त्यांचे घड्याळ भरड निघाले. बारीक वेळ त्यांना मोजताच येईना. किल्लीकाराला थरथर दिसेना, आणि तो 'आणखी टाइप करा, आणखी टाइप करा' म्हणत बसला. शार्दूल बिचारा बोटे दुखेपर्यंत कळफलक बडवत राहिला असणार. मग त्याने वैतागून हा बदल केला: वेळ मोजूच नका, अक्षरेच घ्या. एक ओळ भरली की किल्ली तयार.

"त्याचा हिशेब मी मांडून पाहिला," मृदुला म्हणाली. "एका ओळीत इतकी अक्षरं, प्रत्येक जागेवर इतके पर्याय. सगळ्या ओळी एकेक करून बघायच्या तर सूर्य विझेल, तरी संपणार नाहीत. हिशेब बरोबर आहे. माणूस तेवढा चुकीचा धरलाय."

"म्हणजे?"

"तू टाइप कर. मनाला येईल ते. ओळ भरेपर्यंत."

नसीमाने कळफलक ओढला. क्षणभर ती थांबली, मग तिची बोटे झरझर चालली. पडद्यावर उमटले: दिघी आगरदांडा राजपुरी मुरुड. ओळ भरली नव्हती, म्हणून तिने तीच गावे पुन्हा लिहिली. मग स्वतःच दचकून पडद्याकडे पाहिले. तिचे वडील लाँचवर तांडेल होते. धक्क्यावर उभे राहून ते ही गावे पुकारत, तेव्हा ती त्यांच्या पायाशी बसलेली असे.

मृदुलाने मग ग्रंथालयातल्या बाईंना बसवले. त्यांनी 'बे एके बे'पासून सुरुवात केली. केंद्राचे संचालक डॉ. मणेरीकर फेरी मारायला आले, तर त्यांनाही तिने सोडले नाही. त्यांनी गंभीरपणे टाइप केले, "महोदय, वरील विषयास अनुसरून", आणि ओळ उरली तेव्हा पुन्हा तेच. नसीमाने तोंडाला ओढणी लावली.

"मन मोकळं सोडलं की ते रानात जात नाही," मृदुला म्हणाली. "संध्याकाळच्या गुरासारखं मुकाट्याने आपल्या गोठ्याकडे वळतं. शार्दूलला वाटलं, माणूस काहीही टाइप करू शकतो. शकतो, पण करत नाही." तिने पेन्सिल उचलली आणि कागदाच्या कोपऱ्यात 'नामंजूर' लिहायला घेतले.

शब्द पुरा व्हायच्या आत नसीमाची खुर्ची मागे सरकली.

"ताई," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम सपाट झाला होता. "खाली कोणी हलत नाहीये."

कॅमेऱ्यात तिघेही दिसत होते. गाळाच्या अभ्यासक इरावती नेने टेबलावर डोके टेकून होत्या. पाणबुड्या सांतान फर्नांडिस भिंतीला पाठ लावून बसला होता, हनुवटी छातीवर. शार्दूल संगणकांच्या कपाटासमोर जमिनीवर कुशीवर पडला होता, हातात पेचकस तसाच. हवेच्या मापकाचा काटा केव्हाच पिवळ्या पट्टीत गेला होता. पिवळ्याची घंटा दुरुस्तीच्या काळात बंद ठेवायची पद्धत होती, आणि नसीमा तेवढा वेळ मृदुलाच्या कागदात डोके घालून बसली होती.

काय झाले ते कळायला वेळ लागला नाही. श्वासातून निघणारा कर्बवायू शोषून घेणाऱ्या यंत्राचा पंखा थांबला होता. राखीव यंत्र शेजारीच होते, धडधाकट. एरवी संघाने ते आपणहून सुरू केले असते. पण एक संगणक बदलायचा म्हणून शार्दूलने सकाळीच संघ दुरुस्तीत ठेवला होता. दुरुस्तीत कोणाचे हात पंख्यात असतील, सांगता येत नाही. म्हणून त्या काळात किल्लीची मोहोर असलेली आज्ञा आल्याशिवाय संघाने काही म्हणजे काही करायचे नाही, असा नियम होता. नियम मृदुलानेच तपासून मान्य केला होता. आणि कर्बवायू माणसाला ओरडायला लावत नाही, तो आधी झोप आणतो.

"राखीव यंत्र सुरू करा. इथून आज्ञा द्या," डॉ. मणेरीकर म्हणाले.

नसीमाने आज्ञा पाठवली. ती केबलवरून गेली, पाचही संगणकांपर्यंत पोचली, आणि मोहोर नाही म्हणून पाचांनीही टाकून दिली. तिने पुन्हा पाठवली, पुन्हा तेच झाले.

"बचावाची पाणबुडी?"

"निघतेय. पोचायला पाच तास. सर, हवा दोन तासही पुरणार नाही."

मणेरीकरांनी खुर्चीच्या पाठीला धरले. आयुष्यभर ज्यांनी प्रत्येक प्रश्नाला पत्राने उत्तर दिले, त्यांना पत्र कोणाला लिहावे ते सुचत नव्हते. मृदुला मात्र टेबलावरच्या कागदाकडे पाहत होती. अर्धवट लिहिलेल्या 'नामं' या अक्षरांकडे.

"सर, या महिन्याची किल्ली जुन्या किल्लीकाराने बनवलेली नाही," ती म्हणाली. "शार्दूलने ती या नव्या बदलाने बनवलीय. म्हणजे ती एका ओळीची आहे. त्याने टाइप केलेल्या एका ओळीची."

"ती ओळ आपल्याला ठाऊक आहे?"

"नाही. पण सकाळी संघाने वर पाठवलेला एक निरोप आपल्याकडे नोंदलेला आहे, मोहोरेसकट. मी एखादी ओळ धरते, तिची किल्ली बनवते, तिने त्या निरोपावर मोहोर उठवून बघते. जुळली तर ओळ बरोबर. आपला संगणक अशा लाखो ओळी बघता बघता तपासेल. फक्त ती ओळ कुठल्या ढिगात शोधायची ते आपण सांगायचं."

ढीग तिला लगेच सुचला. आठ वर्षे ती शार्दूलचे लिखाण वाचत आली होती. आज्ञावलीची चाचणी घेताना जिथे खोटी नावे, खोटे मजकूर भरावे लागतात, तिथे माणूस काय भरतो हे तपासणाऱ्याइतके कोणाला ठाऊक नसते. शार्दूलच्या चाचण्यांत सगळीकडे सोलकढी असे. सोलकढी एक, सोलकढी दोन, श्री. सोलकढी रा. मालवण. मृदुलाला खात्रीच वाटली. तिने त्याच्या साऱ्या चाचण्या, सारी पत्रे, कार्यालयातले सारे संदेश संगणकाला दिले. विरामचिन्हांसह, विरामचिन्हांविना, अर्धी ओळ असेल तर तीच दोनदा, तीनदा. नसीमाची गावे आणि मणेरीकरांचे 'महोदय' तिच्या डोळ्यांसमोर होते.

संगणकाने ढीग उपसला. एकही ओळ जुळली नाही.

काटा तांबड्या पट्टीला टेकला. नसीमा ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होती. पडद्यावर फर्नांडिसची छाती जोरजोरात वरखाली होताना दिसत होती, शार्दूलची दिसत नव्हती, कारण तो पाठमोरा होता. मृदुलाने त्या पाठीकडे पाहायचे टाळले. पाहिले असते तर तिला विचार करता आला नसता.

"त्याच्या घरी विचारू या," मणेरीकर म्हणाले. "लहानपणचं काही असेल. प्रार्थना, गाणं."

फोन शार्दूलच्या आईने उचलला. मृदुलाने आवाज शक्य तितका नेहमीसारखा ठेवला. "वहिनी, मी मृदुला खानविलकर. एका कामासाठी विचारतेय. शार्दूल लहानपणी सारखं काय म्हणायचा? एखादी प्रार्थना, कविता, काहीही."

पलीकडे थोडा वेळ भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. "माझो झील बरो आसा मां?"

"त्याच्यासाठीच विचारतेय, वहिनी."

बाईंनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. दिवेलागणीला म्हणायचा ती शुभंकरोती सांगितली. शाळेतली प्रतिज्ञा सांगितली. आजोबांच्या होडीचे नाव सांगितले. नसीमा एकेक टाइप करत गेली आणि संगणक एकेक नाकारत गेला.

"आणखी काही? हल्लीचं?"

"हल्लीचा माका काय ठावक?" बाई म्हणाल्या. "माझा आता खय आयकता तो? घराक इलो तरी ताई असा म्हणता नि ताई तसा म्हणता. तुमचाच कायतरी आसतला."

फोन ठेवल्यावर मृदुलाने मघाच्या तिघांच्या ओळी पुन्हा पाहिल्या. नसीमाने स्वतःचे वाक्य टाइप केले नव्हते, वडिलांचे केले होते. मणेरीकरांनी सरकारचे, ग्रंथालयातल्या बाईंनी मास्तरांचे. मघाशी एकानेही आपले असे काही लिहिले नव्हते. हे तिने डोळ्यांनी पाहिले होते, आणि तरी ती इतका वेळ शार्दूलने लिहिलेल्या ढिगात शोधत बसली होती. शोधायला हवे होते त्याने वाचलेल्या ढिगात. आठ वर्षे, जवळजवळ रोज, त्याने मन लावून, चरफडत, पुन्हा पुन्हा काय वाचले होते?

तिने आपण लिहिलेले शेरे काढले. पहिल्या वर्षापासूनचे, सगळे. संगणकाला दिले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली.

मोहोर जवळजवळ लगेच जुळली.

ती ओळ वाचायला मृदुला थांबली नाही. तिने किल्ली उचलली, 'राखीव शोषक सुरू करा' या आज्ञेवर मोहोर उठवली आणि पाठवली. तळातल्या पाच संगणकांनी निरोप घेतला, मोहोर पाहिली, एकमेकांना विचारले आणि होकार दिला. पडद्याला आवाज नव्हता, पण राखीव यंत्रावरचा दिवा हिरवा झालेला नियंत्रणगृहातल्या तिघांनाही दिसला. काटा आधी थबकला, मग मागे सरकू लागला. मणेरीकर खाली बसले ते खुर्ची आहे की नाही हे न पाहताच बसले. सुदैवाने होती.

फर्नांडिसने सगळ्यांत आधी हात हलवला. नेनेबाईंनी मान उचलली. बऱ्याच वेळाने शार्दूल कुशीवरून उताणा झाला आणि डोळ्यांवर आडवा हात घेऊन पडून राहिला. नसीमा तेव्हा मोठ्याने रडली. मृदुलाने मालवणला फोन लावला आणि "बरा आहे, वहिनी" एवढेच बोलून ठेवून दिला.

मग तिने ती ओळ वाचली.

घाई कशाची आहे पुन्हा एकदा बघ घाई कशाची आहे पुन्हा एकदा बघ

ज्या दिवशी त्याने हे टाइप केले त्या दिवशी त्याला घाई होती, आणि त्याने पुन्हा एकदा बघितले नव्हते. तिचे वाक्य त्याच्या बोटांत उतरले होते, कामात उतरले नव्हते. याचे हसू यावे की रडू, तिला समजेना. तिने पडदा मिटला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन समुद्राकडे पाहत उभी राहिली.

तिघांना वर आणले, इस्पितळात ठेवले, आणि पुढच्या आठवड्यात त्या आठ ओळींचा निर्णय करायला बैठक बसली. मणेरीकरांचा चेहरा या काही दिवसांत उतरला होता, पण मत ठाम होते.

"मृदुलाबाई, मला वाटतं हा बदल मान्य करून टाकावा. नियम मोडला हे वाईट झालं, त्याबद्दल तोरसकरला समज देऊ. पण या बदलामुळे तीन माणसं जिवंत आहेत. जुना किल्लीकार असता तर काय झालं असतं?"

"आपण पडद्यावर पाहत बसलो असतो," मृदुला म्हणाली. "शेवटपर्यंत."

"मग?"

"आणि मी चार दिवस आधी ही विनंती उघडली असती, तर त्याच दिवशी नामंजूर केली असती. किल्ली बदलायला लावली असती. त्यानेही निमूटपणे बदलली असती, आणि मेला असता." हे वाक्य तिने गेल्या काही रात्री मनात इतक्यांदा म्हटले होते, की आता ते तिच्या तोंडून जवळजवळ कोरडे बाहेर पडले. "मी माझं काम वेळेवर केलं असतं तर तो गेला असता. त्याने माझं ऐकलं असतं तरी गेला असता. सर, हे माझ्या मनातून जाणार नाही. पण आज्ञावलीला माझ्या मनाशी कर्तव्य नाही. ही किल्ली मी ओळखली, कारण मी त्याला ओळखते. त्याला ओळखणारी मी एकटीच नाही. ज्याला हवा सुरू करायची होती त्याला ही ओळ सापडली. उद्या ज्याला बंद करायची असेल त्यालाही सापडेल. त्याने शार्दूलबरोबर चार दिवस चहा प्यायला की पुरे."

"पण पुन्हा असं झालं तर आपल्याला आत जायला वाट नको?"

"हवी. बचावाची वेगळी किल्ली करू या. खरी, स्वैर. तिचे तीन तुकडे करून तीन माणसांकडे ठेवू, कुठलेही दोन जुळवले तरच ती लागेल. त्याचा बदल मी लिहायला घेतलाय, तुम्ही कोणीतरी तपासा." तिने चष्मा काढून पुसला. "दार हवं असेल तर दार बांधू, सर. भिंतीला पडलेल्या भगदाडाला दार म्हणू नका."

मणेरीकरांनी मान हलवली. ते पटले म्हणून होते, की तिचा चेहरा पाहून, ते त्यांनी सांगितले नाही.

जागेवर येऊन मृदुलाने विनंती उघडली. निर्णयाच्या चौकटीत तिने लिहिले: "नामंजूर. या बदलाने बनलेली किल्ली, टाइप करणाऱ्याला ओळखणारा कोणीही बनवू शकतो. मी बनवली." मग खाली शेऱ्याची चौकट आली. तिची बोटे आपोआप 'घ'वर गेली आणि तिथेच थांबली. आठ वर्षांत पहिल्यांदाच तिने ती चौकट रिकामी ठेवून पान मिटले.

तासाभराने शार्दूलचा फोन आला, इस्पितळातून. आवाज अजून बसलेला होता.

"ताई, नामंजूर पाहिलं. बरोबरच आहे. मी माणसाचा विचारच केला नाही."

"डोकं दुखतंय का अजून?"

"थोडं. ताई, तुम्हाला ओळ सापडली म्हणे. मला खरंच आठवत नाही मी काय टाइप केलं होतं. पडदा म्हणाला मनाला येईल ते, मी बोटं चालवली, झालं. असं काय होतं त्यात?"

मृदुला फोन घेऊन खिडकीशी गेली. खिडकीतून खालचा धक्का दिसत होता. पाणबुडी पुन्हा खाली जायच्या तयारीत होती, नव्या तुकडीला आणि किल्लीकारासाठी बारीक वेळ मोजणारे घड्याळ घेऊन.

"बरं, नका सांगू," तो म्हणाला. मग जरा अडखळत म्हणाला, "पण या वेळी शेरा नाही दिलात. चौकट रिकामीच आहे. रागावलात का?"

"नाही रे. शेरा तुझ्याकडेच आहे," मृदुला म्हणाली. "तूच मला टाइप करून दाखवलास."

इस्पितळातल्या कुठल्याशा यंत्राची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. मृदुलाने फोन ठेवला नाही. तिला आज कुठलीच घाई नव्हती.